माळवदावरची माती

(माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव येथे दसरा व कोजागरी यांच्या मधल्या दिवसांत बचत गटांतील भगिनींसमोर झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आज आपण ज्या दिवसांत येथे जमलो आहोत, त्या दिवसांत आपली आई भवानी तुळजापूरला झोपलेली आहे. हे वाक्य एखाद्या शहरातील सभागृहात उच्चारले असते, तर काही श्रोत्यांना नवल वाटले असते. तुम्हाला वाटणार नाही. भाद्रपदात नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा, अशी वर्षातून तीन वेळा देवी विश्रांती घेते. यांतील मधल्या निद्रेचे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. नऊ दिवस महिषासुराशी झुंज झाली, विजय झाला, सीमोल्लंघन झाले. आणि मग नगरहून आलेल्या पलंगावर आईला निजवले जाते, कारण तिला श्रम झाले आहेत. आदिशक्तीलाही थकवा येतो, हे आपल्या पूर्वजांनी केवळ मान्य केले नाही, तर त्या थकव्याला विधीचे स्थान दिले. पुजाऱ्यांपासून भक्तांपर्यंत कोणीही या दिवसांत म्हणत नाही की, "आई, उठ, अजून पुष्कळ कामे पडली आहेत."

आणि ज्या जिल्ह्यात देवीला श्रमनिद्रा आहे, त्याच जिल्ह्यात बाळंत झालेली सून कितव्या दिवशी खुरपे हातात घेते, याचा हिशेब तुम्ही आपापल्या मनात करा. मी विचारणार नाही.

संयोजकांनी मला 'स्त्रीचे नेतृत्व आणि आत्मबल' हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे. या विषयावर बोलताना वक्ते सहसा झाशीच्या राणीपासून आरंभ करतात आणि टाळ्यांच्या गजरात भाषण संपते. मी आरंभ करणार आहे हिमोग्लोबिनपासून. ज्या स्त्रीला जिना चढताना धाप लागते, तिला आत्मबलाचे व्याख्यान देणे हा मला तिच्यावर अन्याय वाटतो.

आपल्या मराठीत एक शब्दप्रयोग आहे : 'अंगावर काढणे'. ताप अंगावर काढला, पोटातले दुखणे अंगावर काढले, अंगावरून जाते तेही सहा महिने अंगावर काढले. हा शब्दप्रयोग पुरुषांविषयीही वापरला जातो. पण त्याचा खरा संसार स्त्रीपाशी आहे. आणि ही गोष्ट आपण तक्रारीच्या सुरात सांगत नाही, काहीशा अभिमानाने सांगतो. "आमच्या आईने कधी दवाखान्याची पायरी चढली नाही," असे मुलगे कौतुकाने सांगतात. ती पायरी का चढली नाही, हे त्या आईला कोणी विचारलेले नसते.

मी या भागात प्रथम आले ती १९९४ साली, भूकंपानंतर. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या भगिनींना ती पहाट मी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. किल्लारीपासून सास्तूरपर्यंत गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

तेव्हा पाहणीसाठी आलेल्या अभियंत्यांबरोबर आम्ही कार्यकर्ते पडलेल्या घरांतून हिंडत असू. त्यांतील एका वृद्ध अभियंत्याने मला जे दाखवले, ते मी आजवर विसरलेले नाही. धक्का ६.२ तीव्रतेचा होता. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि तेथे इतकी माणसे मरत नाहीत. मग येथे का मेली? कारण आपली माळवदाची घरे. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत बाहेरून भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसते. बाहेरचा दगडी थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये चिखल व दगडांची कपची भरलेली. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. आणि वर माळवद. पावसाळ्यात गळते म्हणून दरवर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. जुना काढायचा नाही, नवा घालायचा. आजोबांनी घातला, वडिलांनी घातला, मुलाने घातला. वर्षानुवर्षे ओझे वाढत गेले आणि खालच्या भिंतीला कोणी कधी विचारले नाही. ती उभी होती, म्हणून ती पेलते आहे असे सर्वांनी धरून चालले.

भगिनींनो, मी त्या ढिगाऱ्यात उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी आई आली.

आपल्या घरातील कर्ती स्त्री ही अशीच भिंत असते. लग्न होऊन आली तेव्हा एक थर. मूल झाले, दुसरा. दीर शिकायला घरी राहिले, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, शेतात माणूस मिळेना म्हणून शेतही आले. आता त्यावर बचत गटाचे हिशेब आले, ग्रामपंचायतीचे सदस्यत्व आले. यांतील एकही थर खाली उतरत नाही. आणि ती उभी आहे, म्हणून सर्व जण धरून चालतात की ती पेलते आहे.

मी काही मोठ्या तत्त्वज्ञानाने हे शिकले नाही. त्या वेळी मी तेवीस-चोवीस वर्षांची होते. दिवसाला तीन-तीन गावे पायी करायची, मिळेल ते खायचे, नाही मिळाले तर चहा. उपाशी राहण्यात मला एक प्रकारची धन्यता वाटत असे. एका गावात स्त्रियांना लोहाच्या गोळ्यांचे महत्त्व सांगत असतानाच मी चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा एक म्हातारी मला वारा घालत होती. रक्त तपासले, हिमोग्लोबिन सात निघाले. ती म्हातारी म्हणाली, "बाय, तुजी गोळी तूच खाल्ली नाहीस व्हय?" बायका हसल्या. मीही हसले, पण रात्री मला रडू आले. मी त्या स्त्रियांपुढे जे बोलत होते, त्यावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता, हे त्या प्रश्नाने उघडे पाडले होते. इतरांसाठी झिजणे म्हणजे सेवा, आणि स्वतःकडे पाहणे म्हणजे स्वार्थ, असेच मी मनात धरून होते.

आता आकडा सांगते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आधीच्या पाहणीत, २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात घरात गॅस आला, हाती मोबाइल आला, गावोगाव बचत गट झाले आणि अंगातले रक्त कमी झाले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन बारा असावे लागते. आठच्या खाली गेले, तर तो गंभीर आजार समजतात. या मंडपात ज्यांना आपला आकडा ठाऊक आहे, त्यांनी हात वर करा. ... मोजून नऊ हात. आपल्या गटाच्या कर्जावर व्याज किती टक्के आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी करा. पाहा, सगळा मंडप वर झाला.

येथे मला एक सावधगिरीची सूचना द्यायची आहे, ती व्यासपीठावरील आम्हा बोलक्या लोकांना. 'स्वतःची काळजी घ्या' असा उपदेश फार सोपा असतो. शहरातील मासिकांत तो आता फार वाढला आहे. आणि त्यात न कळत सर्व दोष त्या स्त्रीच्याच पदरी टाकला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींचे प्रकरण तुम्ही ऐकले असेल. २०१९ साली तेथे शासनाने पाहणी केली. ब्याऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपल्याही जिल्ह्यातून दरवर्षी कोयते जातात, त्यामुळे कोयता म्हणजे काय, हे मी तुम्हाला समजावून सांगणार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर घेतलेली. एकीचे पोट दुखले तर दोघांचा खाडा आणि खाड्याचे पैसे वळते. उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी, ना न्हाणी. मग महिन्याचे चार दिवस म्हणजे संकट, आणि कोणीतरी सांगते, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. तिशीच्या आत पिशवी काढलेल्या स्त्रीला मी 'योगासने करा' म्हणून सांगू? तिच्या विश्रांतीचा शत्रू तिच्या मनात नाही, मुकादमाच्या वहीत आहे. त्या वहीविरुद्ध एकट्या स्त्रीचे आत्मबल पुरत नाही. तेथे समाजाने उभे राहायचे असते आणि कायद्याने.

तरीही मी आत्मबलाविषयी बोलणार आहे, कारण ते मी याच मातीत पाहिले आहे.

भूकंपानंतर दोन प्रकारची गावे होती. काही पूर्ण कोसळलेली, त्यांचे पुनर्वसन झाले. पण शेकडो गावांत घरे उभी होती, तडकलेली. ती दुरुस्त व मजबूत करायची होती. पैसा शासन देणार, काम घरमालकाने करून घ्यायचे. अभियंता आठवड्यातून एकदा येणार. मग रोज लक्ष कोण ठेवणार? त्या वेळी दिवंगत प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने आग्रह धरला की, हे काम गावातील स्त्रियांकडे द्या. आमच्या आणि त्यांच्या विचारांच्या वाटा वेगळ्या असतील. पण चांगल्या कामाला चांगले म्हणण्याची आपली परंपरा आहे. गावोगाव स्त्रिया संवाद सहाय्यक म्हणून नेमल्या गेल्या. ज्यांनी उंबऱ्याबाहेर गवंड्याशी कधी शब्द काढला नव्हता, त्या त्याला विचारू लागल्या, "आरपार दगड कुठाय? कोपरा बांधला का?" माळवदावरची जादा माती खाली उतरवण्याचे काम तर त्यांनी स्वतः उभे राहून करून घेतले. पुरुष मंडळी म्हणायची, "बायकांना बांधकामातलं काय कळतं?" त्यावर एका भगिनीने दिलेले उत्तर मी कानांनी ऐकले आहे : "खाली आम्हीच असतो ना, रात्रंदिवस."

घर मजबूत करण्याची रीत तुम्हाला त्यामुळे ठाऊकच आहे. आधी वरची माती कमी करायची. मग आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना जोडायचा. कोपरे बांधून घ्यायचे. घर पाडावे लागत नाही. मला जे सांगायचे आहे, ते एवढेच आहे.

माती कमी करणे म्हणजे काय, हे सांगताना मला तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांचे उदाहरण नेहमी आठवते. त्यांची हकिकत आता पुष्कळ ठिकाणी छापून आली आहे. कोवळ्या वयात लग्न, विशीच्या आसपास पतीचे अपघाती निधन, पदरात दोन लहान मुले. माहेरी आल्या आणि घरात बसून राहिल्या. दुःख हेही माळवदावरच्या मातीसारखेच असते. कोणी काढून टाकायला धजत नाही, कारण त्याखाली पावित्र्य आहे असे वाटते. विधवेने हसू नये, बाहेर पडू नये, चांगले लुगडे नेसू नये, हे सर्व त्या मातीवरचे आणखी थर. गोदावरीताई बचत गटाच्या बैठकीला जाऊ लागल्या. बैठकीत पहिल्या दिवशी कोणी नेता होत नाही. पहिल्या दिवशी माणूस फक्त घराबाहेर येते, चार जणींत बसते, आपले नाव मोठ्याने सांगते. अनेक जणींना तर आपले नाव कोणी विचारून कित्येक वर्षे झालेली असतात. पुढे याच गोदावरीताईंनी शेकडो स्त्रियांना शेतीकडे वळवले, परदेशांतील व्यासपीठांवर जाऊन आपल्या भागाविषयी त्या बोलल्या.

त्यांनी व त्यांच्या सहकारी भगिनींनी रुजवलेला एक एकराचा प्रयोग तुमच्यापैकी काही जणी करीतच आहेत. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळाच्या सुमारास तो आपल्या भागात पसरला. नवऱ्याकडून, सासऱ्याकडून एक एकर, तेही नाही मिळाले तर अर्धा एकर मागून घ्यायचा. त्यावर सोयाबीन किंवा ऊस नाही, तर कडधान्ये, भाज्या, ज्वारी-बाजरी, असे वीस-पंचवीस प्रकार. विषारी फवारणी नाही, पाणी थोडे. आधी घरात खायचे, उरेल ते बाजारात. लोक याचे कौतुक शेतीचा प्रयोग म्हणून करतात. मला त्यातील मोठी गोष्ट वेगळी दिसते. जमिनीच्या त्या तुकड्यावर काय पेरायचे, हा निर्णय त्या स्त्रीचा असतो. आणि तिने पहिला निर्णय घेतला तो घरातील ताटाचा, ज्यात तिचे स्वतःचेही ताट आहे. मेथी, चुका, शेपू, शेवग्याची पाने परसात असली, तर रक्तवाढीसाठी फार लांब जावे लागत नाही. नेतृत्व म्हणतात ते मला येथे सुरू झालेले दिसते. खुर्ची मागाहून येते, आणि नाही आली तरी काही बिघडत नाही.

खुर्चीचे सांगायचे तर, भूकंपाच्याच वर्षी, एप्रिल १९९३ मध्ये, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा आहेत. तरी अजून 'सरपंचपती' हा शब्द आपल्या बोलण्यातून गेलेला नाही. सही तिची, शिक्का त्याच्या खिशात. यावर संताप व्यक्त करून मी थांबत असे. आता मला वाटते, जिला आपल्या दुखण्यासाठी दवाखान्यात जायला दोनशे रुपये मागावे लागतात आणि 'जाऊ का?' विचारावे लागते, ती ग्रामसभेत ठराव कसा मांडणार?

आता अहिल्याबाईंविषयी दोन शब्द. त्यांचे चौंडी गाव आपल्या जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. आपण त्यांची मंदिरे, घाट, बारवा सांगतो, न्याय सांगतो. त्यांच्यावर किती थर होते, हे पाहा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये आधारवड असलेले सासरे मल्हारराव गेले. दुसऱ्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. शेजारचे सत्तालोलुप दार ठोठावत होते. अशा स्थितीत त्यांनी जवळजवळ तीस वर्षे राज्य चालवले. हे कसे केले? इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम याने माळव्यात त्यांना पाहिलेल्या लोकांकडून माहिती घेऊन, १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांची दिनचर्या नोंदवली आहे. सूर्योदयाच्या तासभर आधी उठणे, पूजा, ग्रंथश्रवण, दानधर्म. मग साधे भोजन. त्यानंतर पुन्हा प्रार्थना आणि थोडा वेळ विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळपर्यंत. पुन्हा पूजा, अल्पाहार आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा राज्यकारभार.

यातील पूजा आपण पाहतो, कारभार पाहतो. त्या दोहोंच्या मध्ये असलेली दुपारची विश्रांती आपण वाचतच नाही. शोकाचे डोंगर कोसळलेली ही स्त्री रोज ठरल्या वेळी जेवत होती, ठरल्या वेळी थोडी निजत होती आणि रोज काही तास केवळ स्वतःच्या मनाशी, ईश्वराशी बसत होती. होळकरांच्या राज्यात कामे कमी होती म्हणून नव्हे. हे तास त्यांनी कोणाला मागितले नाहीत; ते त्यांच्या दिवसाच्या चौकटीतच होते. आतला थर आणि बाहेरचा थर जोडणारा तो आरपार दगड होता. धर्मनिष्ठेकडे आपण या दृष्टीने क्वचितच पाहतो. आपल्या घरी स्त्रीची पूजा म्हणजे इतरांच्या आयुष्यासाठी केलेले उपवास. वटपौर्णिमा पतीसाठी, चतुर्थी मुलांसाठी. करा, श्रद्धेने करा. मी स्वतः करते. पण ज्या भगिनीचे हिमोग्लोबिन आठ आहे, तिने निर्जळी धरू नये, आणि सासूबाईंनी तिला तसे आपल्या तोंडाने सांगावे. सासूने सांगितले की सुनेला अपराधी वाटत नाही. समोर बसलेल्या ज्येष्ठ भगिनींना माझी ही विनंती आहे. तुमच्या एका शब्दात जे बळ आहे, ते माझ्या दहा भाषणांत नाही.

गटाच्या अध्यक्षांशी मी सकाळी बोलले. त्यांनी एक गोष्ट मान्य केली आहे. महिन्याच्या बैठकीत वर्गणी आणि हप्ता यांची नोंद जशी होते, तशी वहीत आणखी एक रकाना आखायचा. तीन महिन्यांतून एकदा प्रत्येकीचा रक्ताचा आकडा, तिची हरकत नसेल तर, तेथे लिहायचा. आरोग्य उपकेंद्रात तपासणी होते, आशाताई मदतीला आहेत. हप्ता थकला तर आपण चौघी जणी तिच्या घरी जातो ना? तसा आकडा खाली आला तरी जायचे. आणि तिच्या घरच्यांशी बोलताना तिला एकटीला बोलायला लावायचे नाही. हे काम चौघींनी मिळून केले, तर त्याला कोणी थेर म्हणत नाही.

आणखी एक. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच साध्या भगिनींना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. याच तालुक्यात हराळीला भूकंपानंतर ज्ञान प्रबोधिनीचे काम उभे राहिले. ही माणसे हाकेच्या अंतरावर आहेत. पुण्याहून वक्ते बोलावण्याआधी त्यांना बोलवा. माझ्यासकट सर्व वक्त्यांविषयी हे सांगते आहे.

माझा वेळ संपला आहे, आणि मघापासून मला मंडपामागून भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे. पहाटेपासून तेथे आठ-दहा भगिनी चुलीपाशी आहेत. त्यांनी माझे भाषण ऐकलेले नाही. पुरुष मंडळींची पंगत, मग तुमची आणि शेवटी उरले-सुरले त्यांचे, असा बेत मला सकाळी दिसला. मी सरपंचांशी आणि व्यासपीठावरील मंडळींशी आत्ताच हळूच बोलून घेतले आहे. आज पहिली पंगत त्या भगिनींची. त्यांना पाने मांडून बसवायचे, भाजी गरम असताना वाढायची. वाढायला मी, सरपंच आणि ही व्यासपीठावरची मंडळी आहोत. भाकरी थापायला तेवढ्या दोघी-तिघी पुढे या, कारण ती मला अजूनही गोल जमत नाही.